रूळ संपले, आता पुढे कोण?

काटेवाडीच्या थांब्यावर मी आणि माझी भाची एसटीची वाट बघत उभे होतो. भाची पाचवीत आहे. गाडी येईपर्यंत मामाला गप्प बसू द्यायचं नाही, असा तिचा नियम आहे.

"मामा, बारामतीला रेल्वे येते ना?"

"येते की. दौंडवरनं येते."

"मग ती हितं का नाय येत? दहाच किलोमीटर तर ऱ्हायलं!"

प्रश्न अगदी बरोबर होता. दौंडहून निघालेली गाडी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर धावत बारामतीला येते आणि तिथे थांबते. फलटणच्या बाजूला रूळ जोडायचं काम चाललं आहे, पण आपल्या इंदापूरच्या बाजूला अजून फक्त रस्ताच आहे. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, अशी एकामागून एक गावं, आणि एकालाही रेल्वे स्टेशन नाही.

मी उत्तर जुळवतोय तोवर तिचा दुसरा प्रश्न आला.

"बरं, रेल्वेला येता येत नसंल, तर तिनं सोताची बस का नाय ठेवली? रूळ संपलं की बस सुरू!"

हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! कारण पोरीला जे थांब्यावर उभ्या उभ्या सुचलं, तेच शंभरेक वर्षांपूर्वी जगातल्या मोठमोठ्या रेल्वेवाल्यांना सुचलं होतं. आणि त्यांनी ते करूनही दाखवलं. रेल्वेनं चालवलेल्या बस! त्यातल्या एका रेल्वेचा आपल्या मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. पण तिकडे जाण्याआधी पहिल्या प्रश्नाचा निकाल लावू. रेल्वे काटेवाडीला का येत नाही?

तुम्ही नीरा डावा कालवा पाहिला असेल. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतला ऊस ज्याच्या पाण्यावर उभा आहे, तोच. आता हा एवढा रुंद कालवा प्रत्येकाच्या वावराच्या बांधावरून नेता येईल का? नाही. कालवा मधून वाहतो, त्याला चाऱ्या फुटतात, चाऱ्यांना पाट फुटतात, आणि पाटाचं पाणी दारं धरून सरीत सोडतात. कालव्यात पाणी खूप असतं, पण सरीतल्या शेवटच्या उसाच्या मुळापाशी पोचतो तो पाटच. रेल्वे आणि बस यांचं नातं असंच आहे. रेल्वे म्हणजे माणसांचा कालवा. एका गाडीत हजार-दीड हजार माणसं सहज मावतात. पण तुमच्या घराजवळ यायला पाट लागतो, आणि तो पाट म्हणजे बस.

कालवा सगळीकडे का नेत नाहीत, तर खणायला फार खर्च येतो. रेल्वेचंही तेच. आधी जमीन घ्यायची, भराव टाकायचा, त्यावर खडी, खडीवर स्लीपर, स्लीपरवर रूळ. हल्ली स्लीपर सिमेंट-काँक्रीटचे असतात. एकाचं वजन अडीचशे किलोच्या वर भरतं आणि एका किलोमीटरला असे दीड हजारांहून जास्त लागतात. आता भाचीच्या दहा किलोमीटरचा हिशोब तुम्हीच वहीत मांडा. पंधरा हजारांच्या वर नुसते स्लीपर! शिवाय ओढ्यांवर पूल, रस्त्यांवर फाटकं, सिग्नल, स्टेशन. एवढं करायचं तर रोज तेवढी माणसं आणि तेवढा माल मिळायला हवा.

मग इतक्या महागड्या रुळांचा हट्ट कशासाठी? सगळीकडे बसच का चालवू नये? इथे विज्ञानातली एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे.

तुमच्या सायकलची हवा कमी झाली की पायडल मारायला किती जड जातं ते आठवा. रस्ता तोच, सायकल तीच, पायही तेच. फरक एवढाच की टायर जमिनीला टेकतो तिथे दबून चपटा होतो. चाक फिरत राहतं आणि टायरचा नवा नवा भाग दबत राहतो, पुन्हा फुगत राहतो. या दबण्या-फुगण्यात तुमची ताकद वाया जाते. पूर्ण हवा भरलेल्या बसच्या टायरचंही थोड्या प्रमाणात असंच होतं. पण रेल्वेचं चाक पोलादाचं आणि खाली रूळही पोलादाचा. दोघंही हट्टी, जवळजवळ दबतच नाहीत. एवढं जाडजूड चाक, पण ते रुळाला टेकतं ती जागा केवढी असते माहीत आहे? साधारण एखाद्या लहान नाण्याएवढी! त्यामुळे चाक लोळताना होणारा विरोध बसच्या टायरपेक्षा पाचपट ते दहापट कमी. म्हणूनच एक इंजिन वीस-बावीस डबे ओढत नेतं.

पण याच गुणाची दुसरी बाजू बघा. पोलादावर पोलाद घट्ट पकड घेत नाही. म्हणून भरधाव रेल्वेला थांबायला अर्धा-पाऊण किलोमीटर, कधी त्याहून जास्त अंतर लागतं. चढही तिला फार झेपत नाही. मुंबई-पुण्यामधल्या बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर फक्त १ मीटर वर! तुम्ही चालताना तो चढ तुम्हाला जाणवणारही नाही. तरी तिथे गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावून ढकलावं लागतं. रबरी टायर मात्र रस्ता पकडून धरतो. बस चढते, वळते, खड्डा चुकवते, म्हातारीनं हात केला की थांबते. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी काटेवाडीत येते, परीट समाजाची मंडळी पालखीखाली धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढ्या पालखीभोवती धावत रिंगण घालतात. त्या दिवशी सगळा रस्ता वारकऱ्यांचा. एसटी काय करते? दुसऱ्या रस्त्यानं वळून जाते. रेल्वेला असं वळता येईल का?

"म्हणजे रेल्वेत ताकद जास्त आन् बसला अक्कल जास्त," भाची म्हणाली. मी म्हटलं, अक्कल ड्रायव्हरची, पण तुझं म्हणणं बरोबर आहे. एकीला ओढायला फार कमी जोर लागतो, दुसरी हवी तिथे जाते. आता दोघींची जोडी जमवली तर?

ही जोडी जमवायची कल्पना इंग्लंडच्या एका टोकाला चांगली रुजली. कॉर्नवॉल नावाच्या भागात हेल्स्टन या गावी रेल्वे संपत होती आणि पुढे लिझर्ड नावाचं भूशिर होतं, ब्रिटनच्या मुख्य भूमीचं अगदी दक्षिणेकडचं टोक. तिथवर रूळ टाकणं परवडणारं नव्हतं. मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे या कंपनीनं १७ ऑगस्ट १९०३ ला हेल्स्टन ते लिझर्ड अशी मोटारबस सुरू केली. तारीख पुन्हा वाचा. राइट बंधूंचं पहिलं विमान उडालं १७ डिसेंबर १९०३ ला. म्हणजे माणूस विमानातून उडायच्या बरोबर चार महिने आधी रेल्वे रस्त्यावर उतरली होती!

पुढे जपानमध्ये तर सरकारी रेल्वेनंच हे काम अंगावर घेतलं. २० डिसेंबर १९३० ला ओकाझाकी आणि ताजिमी या गावांना जोडणारी त्यांची पहिली बस धावली. जपानच्या रेल्वेवाल्यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी की, बस कशाकशासाठी चालवायची याचा त्यांनी नीट विचार केला होता. जिथे पुढेमागे रूळ टाकायचेत तिथे आधी बस चालवायची, म्हणजे लोकांना सवय होते आणि किती माणसं प्रवास करतात तेही कळतं. जिथे रूळ टाकणं जमणारच नाही तिथे रेल्वेच्या जागी बस. आडगावची माणसं गोळा करून स्टेशनवर आणायला बस, आपल्या पाटासारखीच, फक्त उलट्या दिशेनं वाहणारा पाट. आणि जिथे रेल्वे लांबचा वळसा घालते तिथे जवळच्या वाटेनं जायला बस. हे शेवटचं कारण लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

आता आपल्या मुलखात या.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, बीड, सगळी गावं त्या संस्थानातली. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादकडे जाणारा मीटर गेज रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. मीटर गेज म्हणजे दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असतं ते ब्रॉड गेज, १६७६ मिलिमीटर. आपली दौंड-बारामती गाडीसुद्धा एके काळी छोट्या रुळांवरून धावायची, फक्त अडीच फूट रुंदीच्या. तुमच्या घरातल्या आजोबा-पणजोबांना विचारा, कुणाला ना कुणाला ती झुकझुक गाडी आठवत असेल.

निजामाच्या मुलखातली ही रेल्वे आधी एका इंग्रजी कंपनीच्या हातात होती. १९३० साली संस्थान सरकारनं ती विकत घेतली आणि तिचं नाव झालं निजाम स्टेट रेल्वे. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. रेल्वेची एक लांब रेघ मराठवाड्यातून गेलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना केवढा मोठा मुलूख कोरडा! वेरूळची लेणी बघायला औरंगाबाद स्टेशनवर उतरावं तर वेरूळ अजून तीस किलोमीटर, आणि अजिंठा तर शंभर किलोमीटर. बैलगाडीनं अजिंठ्याला जायचं म्हणजे किती दिवस लागतील, मोजा.

त्याच काळात भारतभर खासगी मोटारी रस्त्यांवर धावू लागल्या होत्या. त्यांचा एक ठरलेला शिरस्ता होता. गाडी भरली की निघायची. भरली नाही तर? मग बसा वाट बघत. आणि जिथे माणसं भरपूर तिथेच गाड्यांची झुंबड, आडगावाकडे कुणी फिरकायचं नाही. शिवाय मोटारी रेल्वेच्या शेजारून धावून तिचेच उतारू पळवायच्या. हा झगडा एवढा वाढला की सरकारनं मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना देशभर पाहणी करायला लावलं, आणि १९३३ साली त्यांचा अहवाल आला. मिचेलसाहेब रस्त्यांचे इंजिनिअर आणि कर्कनेससाहेब रेल्वेचे. एक रस्त्याच्या बाजूचा, एक रुळाच्या बाजूचा. ही जोडी मला फार आवडते, कारण भांडण मिटवायचं तर दोन्ही घरची माणसं एकाच बाकावर बसायला हवीत.

हैदराबादनं मात्र त्या अहवालाची वाट पाहिली नाही. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेनं आपल्याच पोटात रस्ते वाहतुकीचा एक विभाग काढला. सुरुवातीला बस किती? २७. माणसं किती? १६६. भागाकार करून बघा. एका बसमागे सहा माणसं. का बरं सहा? एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर हे तर आपल्याला दिसतात. पण रात्री गाडीखाली झोपून नटबोल्ट आवळणारा मिस्त्री दिसत नाही, तिकिटांचा हिशोब लिहिणारा कारकून दिसत नाही, सुटीच्या दिवशी बदली येणारा ड्रायव्हर दिसत नाही. आजही आपल्या बारामतीच्या आगारात सकाळी जाऊन उभं राहिलात तर समजेल, एक गाडी बाहेर पडायला किती हात लागलेले असतात.

त्या पहिल्या गाड्यांमध्ये अल्बियन नावाच्या गाड्या होत्या, स्कॉटलंडमध्ये बनलेल्या. आजच्या एसटीत पन्नासच्या आसपास माणसं बसतात. ती अल्बियन अगदी छोटी, तिच्यात वीससुद्धा माणसं बसायची नाहीत. त्यातली १९३२ सालची एक गाडी हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. कधी तिकडे गेलात तर जरूर बघा. तेलंगणातल्या सरकारी बसच्या नंबरात एक इंग्रजी 'झेड' अक्षर असतं, तेही शोधा. सातव्या निजामाच्या आईचं नाव झहरा बेगम, म्हणून ते अक्षर आलं, असं तिकडची माणसं सांगतात.

पण गाड्यांपेक्षाही मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. रेल्वेची माणसं रस्त्यावर आली ती आपल्या सवयी घेऊन आली. रेल्वेवाल्याला वेळापत्रकाशिवाय चैन पडत नाही. गाडी भरो न भरो, आठ वाजून दहा मिनिटं म्हणजे आठ वाजून दहा मिनिटं! ठरलेला दर, छापलेलं तिकीट, ठरलेला थांबा, गाडीची नेमानं तपासणी. आज आपण एसटीच्या स्टँडवर जातो आणि भिंतीवरचा वेळांचा फलक वाचतो, तेव्हा त्यात विशेष काही वाटत नाही. पण ज्या माणसानं आयुष्यभर 'भरली की निघेल' एवढंच ऐकलं होतं, त्याला 'आठ दहाला निघेल' हे वाक्य कसं वाटलं असेल? मला वाटतं, त्याला घड्याळ भेट मिळाल्यासारखं वाटलं असेल.

त्या रेल्वेच्या कारभारात पुढे एक तिसरी गोष्टही आली. १९४५ साली निजाम सरकार आणि टाटा यांनी मिळून डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी काढली, तीसुद्धा रेल्वेच्याच घरातली. म्हणजे एकच संस्था रुळावर, रस्त्यावर आणि आभाळात! भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग फकस्त होडीच ऱ्हायली."

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. हाच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. त्यानंतर रेल्वे गेली केंद्र सरकारकडे आणि बस राहिल्या राज्याकडे. जवळजवळ वीस वर्षांचा एकत्र संसार, आणि मग वाटण्या झाल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला आणि पुढे तिथल्या गाड्या आपल्या एसटीच्या ताफ्यात मिसळून गेल्या. म्हणजे तुमच्या मराठवाड्यातल्या मावशीच्या गावाला जी लाल एसटी जाते, तिची पणजी रेल्वेच्या घरात जन्मलेली आहे!

आणि आपली एसटी, पुण्याकडची? तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर होते लक्ष्मण केवटे. गाडीचा सांगाडा लाकडी आणि बसायच्या गाद्या काथ्याच्या, नारळाच्या सोडणापासून निघतो तो काथ्या. आता नकाशा पुन्हा काढा. पुण्याहून नगरला रेल्वेनं जायचं तर आधी दौंडला यायचं आणि तिथून वर नगरकडे वळायचं. दीडशे किलोमीटरच्या पुढे जातं ते अंतर. रस्त्यानं सरळ गेलं तर एकशेवीसच्या आसपास. जपानच्या रेल्वेवाल्यांचं ते शेवटचं कारण आठवलं का? रेल्वे वळसा घालते तिथे बसनं जवळची वाट धरायची. आपल्या एसटीची अगदी पहिली धाव अशाच वाटेवरची होती.

ही एसटी रेल्वेची नव्हती, राज्य सरकारची होती. पण गंमत ऐका. १९५० साली देशानं एक कायदा केला, राज्याराज्यांत बस महामंडळं काढण्यासाठी. महामंडळ काढायचं म्हणजे गाड्या घ्यायला, आगारं बांधायला पैसे हवेत. राज्यानं घातले, आणि त्यासोबत केंद्र सरकारनंही आपला वाटा घातला. केंद्राचा वाटा कुणाच्या हातून आला? रेल्वेच्या! रेल्वे खात्याच्या हिशोबात रस्ता वाहतुकीत घातलेल्या पैशांसाठी वेगळा रकाना असायचा. कारण सरकारला वाटत होतं की रेल्वे आणि बस यांनी एकमेकींचे उतारू पळवण्यापेक्षा एकमेकींच्या जवळ राहावं. म्हणून मी भाचीला म्हटलं, "तुझ्या काटेवाडीला रेल्वे आली नाही खरी, पण तिच्या खिशातले थोडे पैसे एसटीच्या चाकांवर बसून इथवर येऊन गेलेत."

भाचीनं रस्त्याकडे बघितलं. गाडीचा पत्ता नव्हता. एक आजी डोक्यावरचं गाठोडं उतरवून आमच्या शेजारी टेकल्या. "कितीची हाय रं गाडी?" त्यांनी विचारलं. मी वेळ सांगितली. "मंग यील की," म्हणाल्या आणि पिशवीतून पानाची चंची काढली. नव्वद वर्षांपूर्वी या तीन शब्दांत एवढा भरवसा नसता.

बीडची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. निजामाच्या काळापासून बीड शहराची माणसं रेल्वेची वाट बघत होती. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात नव्हती. अहिल्यानगरहून आलेली रेल्वे बीडला पोचली ती सप्टेंबर २०२५ मध्ये, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. मधली सगळी वर्षं तिथल्या माणसांची ने-आण कुणी केली? ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, पुण्याला शिकायला निघालेली पोरं, दवाखान्यात निघालेले म्हातारे, यांना कुणी नेलं-आणलं? बसनंच. काही गावांत तर रात्रीची शेवटची गाडी गावातच झोपते, तिला मुक्कामी गाडी म्हणतात. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर पथारी टाकतात आणि पहाटे पहिल्या गाडीनं गावाला उठवतात. रेल्वेत बसून निघालेलं कुणी असं गावाच्या ओसरीवर झोपल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"पण मामा, जपानच्या बसचं पुढं काय झालं?"

त्या अजून धावतात. १९८७ साली जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे भाग पडले, वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी त्या कंपन्यांच्या बस आजही आहेत. त्यांच्या अंगावर माळभिंगरीचं चित्र असतं. माळभिंगरी म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीनं बसतात ते निळसर-काळे, शेपटीला दोन टोकं असलेले पक्षी. मग २०११ च्या मार्च महिन्यात जपानमध्ये मोठा भूकंप झाला, समुद्र खवळला, त्सुनामीच्या लाटा किनाऱ्यावर चढल्या आणि केसेन्नुमा भागातला रेल्वेमार्ग वाहून गेला. रूळ पुन्हा टाकायला फार वर्षं लागली असती. तेव्हा रेल्वेनं काय केलं? जिथे रूळ होते तिथलाच भराव सपाट केला, त्यावर डांबर टाकलं आणि २०१२ पासून त्याच वाटेवरून बस सोडल्या. बस थांबते जुन्या स्टेशनाशी, जाते जुन्या बोगद्यातून. ज्या वाटेवरून लहानपणी आगगाडीनं शाळेत जायचं, त्याच वाटेवरून आता बसनं जायचं.

आपल्या कोकणात याच्या उलट घडतं. कोकण रेल्वेच्या सपाट वाघिणींवर भरलेले ट्रक चढवतात आणि ट्रक रेल्वेत बसून गोव्याकडे जातात. ड्रायव्हर आपल्या केबिनमध्ये बसून खिडकीतून बोगदे बघतो! १९९९ पासून हे चाललं आहे. डिझेल वाचतं, टायर वाचतात, घाटातली दमछाक वाचते.

हे ऐकून भाची विचारात पडली. तिचे डोळे बारीक झाले म्हणजे मोठा प्रश्न येणार हे मला माहीत आहे.

"मंजे, रेल्वे रस्त्यावर आली, ट्रक रेल्वेत बसला. मग अशी गाडी का नाय, जी आधी रस्त्यावरनं जाईल आन् मग तीच रुळावर चढंल? आपल्याला बारामतीला उतरायलाच नको!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कारण अशी गाडी आहे. जपानमध्येच, होक्काइडो बेटावरच्या रेल्वेनं ती आधी बनवून बघितली, बरीच वर्षं चाचण्या केल्या आणि मग सोडून दिली. पण शिकोकू बेटावर समुद्रकाठानं जाणाऱ्या एका छोट्या रेल्वेनं ती कल्पना उचलली आणि २५ डिसेंबर २०२१ पासून ती गाडी रोजच्या प्रवाशांसाठी धावू लागली. बघायला साधी मिनीबस. रस्त्यावरून रबरी टायरवर येते, रुळाजवळ एका ठरलेल्या जागी थांबते, पोटाखालून पोलादी चाकं खाली सोडते. पुढचे टायर उचलले जातात, मागचे टायर रुळाला टेकून गाडी ढकलत राहतात. बघा, दोन्ही गुण एकत्र! सरळ धरून न्यायला पोलादी चाकं, पकड घ्यायला रबर. बसची रेल्वे व्हायला वेळ लागतो फक्त १५ सेकंद. आतली माणसं जागची उठतसुद्धा नाहीत.

"पंधरा सेकंद?" भाची म्हणाली. "पंधरा सेकंदात कायबी होत नाय."

तेवढ्यात वळणावर लाल गाडी दिसली. आजींनी चंची बांधली आणि गाठोडं उचललं. गाडी थांबली, दार उघडलं आणि भाचीनं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. एक बाई कडेवर पोर घेऊन उतरली. सहा, सात. दुधाचा रिकामा कॅन घेऊन एक जण उतरला. दहा, अकरा. कंडक्टरनं आजींचं गाठोडं वर घेतलं आणि हात दिला. चौदा, पंधरा. आजींचा एक पाय अजून पायरीवरच होता. आम्ही चढलो तेव्हा ती सत्ताविसावर पोचली होती. कंडक्टरनं दोरी ओढून डबल बेल दिली, आणि भाची खिडकीला नाक लावून बसली.